प्री-सीझनच्या एका सामन्यावरून खेळाडूंना मार्क द्यावेत का?

बाकावरचा

फुटबॉलच्या नव्या सीझनच्या आधीचा पहिला सराव सामना संपतो न संपतो तोच मार्कशीट तयार असतात. याला दहापैकी नऊ, त्याला चार, ह्याला विका, त्याला कॅप्टन करा. माझं म्हणणं सरळ आहे. त्या नव्वद मिनिटांत गोल कुणी मारला याला काडीची किंमत देऊ नका. खेळाडू कुठे उभा राहतो, चेंडू घेताना त्याचं तोंड कुठल्या बाजूला असतं, आणि चेंडू समोरच्या संघाकडे गेल्यावर पहिल्या तीन-चार सेकंदांत तो काय करतो, एवढंच बघा.

उदाहरणाला एकच सामना घेतो, कारण त्याच्या पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १२ जुलै २०२२, बँकॉक. एरिक टेन हाग यांचा मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक म्हणून पहिला सामना, समोर लिव्हरपूल, निकाल युनायटेडच्या बाजूने ४-०. गोल सांचो, फ्रेड, मार्शल आणि पेलिस्त्री यांचे. लिव्हरपूलने अर्ध्या तासानंतर जवळजवळ अख्खा संघ बदलला आणि पुढे पुन्हा बदलला, हे मात्र स्कोअर सांगताना बहुतेकांनी गाळलं.

मार्शल: त्या दिवशी त्याच्यावर सगळे खूश होते. लिव्हरपूलच्या बचावातली चूक हेरून त्याने गोल केला आणि 'नऊ नंबरचा (मुख्य स्ट्रायकरचा) प्रश्न सुटला' असं ठरून गेलं. लीग (इंग्लंडची प्रीमियर लीग) सुरू व्हायच्या आतच तो दुखापतीने बाहेर. ब्रायटनविरुद्ध पहिल्या सामन्यात पुढे कोण खेळलं? एरिक्सन, जो मुळात मिडफिल्डर. मार्शलचे त्या सीझनचे लीगमधले गोल ६.

सांचो: उजवीकडून छान खेळला. लीगमध्ये त्याचेही गोल ६.

फ्रेड: गोलीच्या डोक्यावरून अलगद उचललेला चेंडू, फारच सुंदर गोल. पण मिडफिल्डची भगदाडं त्याने बुजत नव्हती. क्लबने ऑगस्टमध्येच कासेमिरोला आणलं, यातच काय ते आलं.

पेलिस्त्री: शेवटी उतरला आणि चौथा गोल करून गेला. युनायटेडसाठी अधिकृत सामन्यात पदार्पण करायला त्याला जानेवारी २०२३ पर्यंत थांबावं लागलं.

आणि ज्याच्याबद्दल कुणी फारसं बोललंच नाही तो युनायटेडचा गोली दे हेया. १३ ऑगस्टला ब्रेंटफर्डमध्ये त्याने स्वतःच्या पेनल्टी बॉक्सजवळ उभ्या एरिक्सनला छोटा पास दिला. एरिक्सनचं तोंड आपल्याच गोलकडे, पाठीवर ब्रेंटफर्डचा येन्सन. येन्सनने चेंडू काढून घेतला आणि गोल मारला. पस्तीस मिनिटांत ०-४. असा पास सराव सामन्यात दहा वेळा दिला तरी खपून जातो, कारण समोरचा पूर्ण जोर लावून अंगावर येत नसतो. गोली मागून खेळ रचू शकतो की नाही याची परीक्षा तिथे होतच नाही.

अजून एक. बँकॉकमध्ये चार गोल करणाऱ्या या संघाने लीगच्या पहिल्या दोन सामन्यांत स्वतः एकही गोल केला नाही. ब्रायटनविरुद्ध जो एक मिळाला तो त्यांच्याच मॅक ॲलिस्टरचा स्वयंगोल होता.

गनर

सामना बरोबर तुमच्या सोयीचा निवडलात. त्याच जुलैतला दुसरा घ्या. २३ जुलै, ऑर्लँडो, आर्सेनल ४, चेल्सी ०. त्या दिवशी जे दिसलं ते वर्षभर दिसलं. आर्सेनलने लीगचे पहिले पाच सामने जिंकले आणि दुसऱ्या नंबरवर संपवलं. चेल्सी बाराव्या नंबरवर. त्यांचे प्रशिक्षक टुखेल यांना ७ सप्टेंबरला काढलं.

आणि गोलला किंमत नाही म्हणता? आर्सेनलच्या गॅब्रियल जेझुसने त्या महिन्यात गोलमागून गोल केले. ३० जुलैला सेव्हियाला ६-० हरवलं त्यात त्याची हॅटट्रिक. दोन आठवड्यांत लेस्टरविरुद्ध लीगमध्ये दोन गोल. ज्याला गोलचा वास येतो त्याला जुलैतही येतो आणि ऑगस्टमध्येही. सराव सामना म्हणून गोलपोस्ट काही मोठा होत नाही.

जुना सेंटर हाफ

+१ बाकावरचा. बचावपटूंना तर मार्क देऊच नयेत. सराव सामन्यात दोघांनाही सारखीच संधी असलेल्या चेंडूवर कुणी जीव टाकत नाही, आणि टाकूही नये. ऑगस्ट २०२१ मध्ये लेस्टरचा वेस्ली फोफाना व्हियारेआलविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात पाय मोडून बसला. सीझनचा मोठा भाग वाया गेला. हे प्रत्येक बचावपटूच्या डोक्यात असतं. त्यामुळे तुम्हाला जो 'शांत, संयमी' दिसतो तो कित्येकदा नुसता स्वतःला जपत असतो.

बाकावरचा

गनर, तुमच्याच क्लबचं उदाहरण देतो. २ ऑगस्ट २०१४, एमिरेट्स कप ही प्री-सीझनची सराव स्पर्धा, आर्सेनल ५, बेनफिका १. त्यात यया सानोगोचे चार गोल. चार! आर्सेनलसाठी प्रीमियर लीगमध्ये त्याचे एकूण गोल किती? शून्य. गोलपोस्ट तेवढाच होता हे मान्य, पण समोरची बचावफळी तेवढीच तयार होती का?

जेझुसचं म्हणाल तर मला त्याच्या गोलपेक्षा दुसरीच गोष्ट दिसली होती. तो खाली येऊन चेंडू घ्यायचा, सेंटर बॅकला आपल्यामागे ओढायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत सका किंवा मार्टिनेली घुसायचे. हे लीगमध्येही जसंच्या तसं झालं. म्हणजे तुमचं उदाहरण माझ्याच बाजूला पडतं.

गनर

सानोगोची एक दुपार आणि जेझुसचा अख्खा महिना, यांची बरोबरी करताय. मी एका सामन्याबद्दल बोलतच नाहीये.

बाकावरचा

पण धागा एका सामन्याबद्दलच आहे.

कोपवाला

दोघांनाही लिव्हरपूलच्या नव्या स्ट्रायकरची, नुनियेझची आठवण करून देतो. बँकॉकमध्ये त्याने एक संधी वर मारली आणि जगभर त्याची टर उडाली. इतके पैसे देऊन हे आणलं, असा सूर. २१ जुलैला लाइपझिगविरुद्ध मध्यंतरानंतर उतरून त्याने चार गोल केले आणि तेच लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचले. मग ३० जुलैला कम्युनिटी शील्ड, सीझनच्या तोंडावरचा एका सामन्याचा चषक. लिव्हरपूल ३, मँचेस्टर सिटी १, नुनियेझचा गोल, आणि समोर सिटीच्या हालांडने शेवटच्या क्षणी रिकाम्यासारख्या गोलसमोरून चेंडू क्रॉसबारवर मारला. त्या रात्री दोघांची तुलना किती झाली ते आठवतंय ना? लीगमध्ये हालांडचे ३६ गोल, आजवरचा विक्रम. नुनियेझचे ९, आणि घरच्या मैदानावरच्या पहिल्याच लीग सामन्यात क्रिस्टल पॅलेसच्या खेळाडूला डोकं मारून लाल कार्ड.

पण बाकावरचा यांचंही पटत नाही. 'कुठे उभा राहतो ते बघा' म्हणता, पण उभं राहणं हे पायातल्या ताकदीवर असतं. जुलैत खेळाडू सकाळी कसून सराव करून संध्याकाळी सामना खेळतात. पाय जड असतात. मिडफिल्डर पाच पावलं मागे राहिला तर ती त्याची सवय आहे की थकवा, हे टीव्हीवरून तुम्हाला कसं कळतं? माझ्या मते सराव सामन्यातून एकच गोष्ट धड कळते: कोण तंदुरुस्त आहे आणि कोण नाही.

अकॅडमीवाली

तुम्ही सगळे तीस कोटी-पन्नास कोटींच्या खेळाडूंवर भांडताय. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांचं काय? त्यांच्यासाठी प्री-सीझन हेच दार असतं. मोठे खेळाडू सुट्टीवरून उशिरा येतात, दौऱ्यावर जागा होते आणि प्रशिक्षकांसमोर मोठ्या संघाविरुद्ध खेळायला मिळतं. सीझन सुरू झाला की ती जागा बंद.

कोबी मेइनू बघा. २२ जुलै २०२३, न्यू जर्सी, युनायटेड विरुद्ध आर्सेनल. हा अठरा वर्षांचा मुलगा मिडफिल्डमध्ये. मी तो सामना पुन्हा बघितला तो फक्त त्याच्यासाठी. चेंडू येण्याआधी तो एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघतो, एकदा उजव्या. माणूस पाठीवर आला की चेंडू थांबवत नाही, पायाजवळून जाऊ देतो आणि त्याच्यासोबत वळतो. मागून आलेला चुकलेला असतो आणि याचं तोंड पुढे असतं. गोल नाही, असिस्ट नाही, हायलाइट्समध्ये कुठे दिसणार नाही. चार दिवसांनी ह्यूस्टनला रेआल माद्रिदविरुद्ध सुरुवातीच्या मिनिटांतच घोट्याला दुखापत झाली, नाहीतर ऑगस्टमध्येच खेळला असता. नोव्हेंबरात एव्हर्टनविरुद्ध त्याला लीगमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवलं, तेव्हा तो नेमकं तेच करत होता. मे २०२४ मध्ये एफए कप फायनलला सिटीविरुद्ध त्याचा गोल. जुलैत इंग्लंडकडून युरो फायनल.

त्याच उन्हाळ्यात बार्सिलोनाचा लामिन यमाल. ८ ऑगस्ट, गाम्पर ट्रॉफी (बार्सिलोनाचा प्री-सीझनचा सामना), टॉटनमविरुद्ध १-२ ने मागे. सोळा वर्षांचा मुलगा शेवटच्या टप्प्यात उतरला आणि सामना ४-२ झाला. पुढच्या वर्षी तो युरो जिंकला.

तेव्हा 'मार्क देऊ नका' हे तरुणांना लावू नका. त्यांच्याकडे मागचा रेकॉर्डच नसतो. कासेमिरोचा एक वाईट सराव सामना त्याच्या दहा वर्षांपुढे काहीच नाही. मेइनूचा एक चांगला सामना हीच त्याची तोवरची कमाई असते.

बाकावरचा

अकॅडमीवाली, तुमचा परिच्छेद मी माझ्या पोस्टच्या वर लावायला हवा. 'खांद्यावरून मागे बघतो' हेच मला म्हणायचंय. हे जुलैत असतं, नोव्हेंबरात असतं, पाय जड असतानाही असतं. कोपवाला, तुम्हाला उत्तर यातच आहे. थकलेला खेळाडू पाच पावलं मागे राहील, पण मान वळवून बघायला पायातली ताकद लागत नाही.

फक्त एक सांगतो. यमालच्या वेळी टॉटनमची राखीव फळी मैदानात होती की मुख्य, हेही बघूनच पारडं ठरवावं लागतं. पेलिस्त्रीही बँकॉकला वीस वर्षांचाच होता आणि गोल करून गेला होता.

अकॅडमीवाली

पेलिस्त्रीला कुणी थोर म्हटलं होतं? तो गोल मी पाहिला, जागेवर होता म्हणून मिळाला. यमालने बाहेरच्या बाजूने माणूस हलवला. दोन्हींत फरक आहे, आणि तो फरक प्री-सीझनच्या सामन्यातच दिसला.

नेटमागचा

गोलींबद्दल थोडं. ५ ऑगस्ट २०२३, ओल्ड ट्रॅफर्ड, युनायटेड विरुद्ध लाँस. युनायटेडचा गोली ओनाना खूप पुढे आला होता आणि लाँसच्या सोतोकाने जवळजवळ मध्यरेषेवरून चेंडू त्याच्या डोक्यावरून आत टाकला. सामना युनायटेडने ३-१ जिंकला, पण चर्चा एकाच गोलची. 'हा वर्षभर असेच गोल खाणार' असं भाकीत झालं. पुढे चॅम्पियन्स लीगमध्ये ओनाना चुकला, खूप महागात चुकला, पण त्या चुका वेगळ्या होत्या. बायर्नविरुद्ध साधा फटका अंगाखालून गेला, गलातासरायविरुद्ध फ्री किक. मध्यरेषेवरून नाही.

म्हणजे सराव सामन्यात त्याची सवय दिसली होती, ती प्रशिक्षकांनीच मागितलेली होती. दोष मात्र दुसरीकडेच होता आणि तो त्या दिवशी दिसलाच नाही. गोलीला सराव सामन्यात तीन-चार फटके येतात. त्यावरून काय ठरवणार?

जुना सेंटर हाफ

आणि एकेका खेळाडूचं सोडा, अख्ख्या संघालाही हे लागू आहे. २०१४ ला नवे प्रशिक्षक व्हान हाल यांचं युनायटेड अमेरिकेत गेलं. लॉस एंजेलिस गॅलेक्सीला सात गोल. ॲन आर्बरला १,०९,३१८ प्रेक्षकांसमोर रेआल माद्रिदला ३-१. तिथल्या सराव स्पर्धेच्या फायनलमध्ये लिव्हरपूलला ३-१. सगळ्यांना वाटलं, तीन सेंटर बॅकची नवी रचना एका महिन्यात बसली. लीगच्या पहिल्या दिवशी घरच्या मैदानावर स्वान्झीकडून १-२. दहा दिवसांनी लीग कपमध्ये तिसऱ्या श्रेणीतल्या एमके डॉन्सकडून ०-४.

कोपवाला

याला पुरवणी जोडतो. बँकॉकला ०-४ हरलेल्या लिव्हरपूलने अठरा दिवसांत सिटीला हरवून शील्ड जिंकली. मग लीगमध्ये पाचव्या नंबरवर घसरलं. आता बँकॉक खरं की शील्ड खरी?

गनर

माझा मुद्दा अजून कुणी खोडलेला नाही. ऑर्लँडोच्या सामन्यानंतर टुखेल स्वतः जाहीरपणे म्हणाले की आपला संघ स्पर्धेच्या लायकीचा दिसला नाही, मनानेही मागे पडला. ज्याला प्रशिक्षणातलं सगळं दिसतं तो माणूस एका सराव सामन्यावरून एवढा निष्कर्ष काढतो, तर आपण का काढू नये?

बाकावरचा

कारण त्यांच्याकडे रोजचा सराव आहे, खेळाडू किती धावला याचे आकडे आहेत, ड्रेसिंग रूममध्ये कोण कुणाशी बोलत नाही हेही माहीत आहे. तो सामना त्यांच्यासाठी शेवटची ओळ होती, आपल्यासाठी तोच पहिला परिच्छेद. आणि त्यांची तक्रारही चार गोलांची नव्हती. जोर नव्हता, जिद्द नव्हती, ही होती. म्हणजे चेंडू गेल्यावर काय केलं, तेच.

गनर

मग त्याचेच मार्क द्या! चेंडू गेल्यावर कोण मागे धावलं, कुणी हात हवेत उडवले, कोण बघत उभं राहिलं. ते तर टीव्हीवर स्वच्छ दिसतं. जेझुसला त्या संध्याकाळी मी नऊ दिले होते, गोलचे सोडून द्या. आज विचाराल तर आजही नऊच देईन.