‘पाणी सोडणे’ की ‘ताबा सोडणे’?

साखरपेठकर : एका अनुवादात अडलोय. साम्राज्याने समुद्रापलीकडचा मुलूख सोडला, याला मी ‘पाणी सोडले’ लिहिलं. संपादकांनी खोडलं. काय चुकलं?

बाळीवेस : अहो, ते दानाचं उदक. हातावरून पाणी सोडून ‘न मम’ म्हटलं की वस्तू गेली. शिवाय बुडीत उधारीवरही आपण पाणीच सोडतो. दान किंवा बुडीत, राज्यकर्त्याला दोन्ही कबूल नसतं. तो ‘हस्तांतर’ म्हणतो, विरोधक ‘शरणागती’.

सात रस्ता : मग ‘हक्कसोडपत्र’? आमच्या आत्याने मोहोळच्या जमिनीचं केलं. अंगठ्याची शाई पदराला पुसत वकिलालाच विचारलं, “म्हणजे आता दिवाळीला माहेरी जायचं का नाही?”

बाळीवेस : आत्यांचा हक्क खरा होता की ओ! इथे मूळ हक्काचाच वाद. म्हणून ‘ताबा’. आणि नुसतं निघून जाणं म्हणजे सोडणं नव्हे. मे १९३० मध्ये आपल्या सोलापुरातून इंग्रजी अंमल काही दिवस उठला, पण मार्शल लॉ घेऊन परत आलाच. त्याला फार तर ‘काढता पाय’ म्हणा.

खरी गोची ‘वसाहत’ या शब्दात आहे. (आपल्याकडे वसाहत म्हणजे औद्योगिक, नाहीतर विडी कामगारांची!) फ्रान्सच्या लेखी अल्जेरिया वसाहत नव्हतीच, फ्रान्सचाच भाग होता. घरातली खोली म्हणून सांगितलेली जागा परक्याला कशी देणार? त्या पेचात १९५८ मध्ये फ्रान्सची तेव्हाची राजवट, चौथं प्रजासत्ताक, कोसळली. जनरल द गॉल सत्तेवर आले, तेही सोडायच्या वाटेला लागले, तर १९६१ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याच सेनापतींनी बंड केलं. १९६२ मध्ये अल्जेरिया स्वतंत्र झाला आणि त्याच ऑगस्टमध्ये द गॉलांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. पोर्तुगालने तर १९५१ मध्ये गोव्यासकट सगळ्या वसाहतींचं नाव बदलून ‘सागरपार प्रांत’ केलं. प्रांत म्हटल्यावर ‘सोडणे’ हे क्रियापदच हातचं गेलं. आफ्रिकेत लढून थकलेल्या सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी एप्रिल १९७४ मध्ये सरकारच उलथवलं.

साखरपेठकर : ‘ताबा सोडला’ केलं. पण पुढच्याच परिच्छेदात चागोस आहे, हिंदी महासागरातली ब्रिटनच्या ताब्यातली बेटं. २२ मे २०२५ चा करार, बेटं मॉरिशसला, त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावरचा लष्करी तळ ९९ वर्षं ब्रिटनकडे.

सात रस्ता : तिथे ताबा कुठे सुटला? मालकी देऊ केली, ओसरी भाडेपट्ट्याने ठेवली!