मदत हवी आहे: कॉलेजच्या धावपटूवर केस, नुसत्या तारखा पडताहेत. निवड, पासपोर्ट, भरतीचं काय?

जिमखाना_कळवा:
नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या एका कॉलेजमधल्या मुलासाठी विचारतोय. ४०० मीटर धावतो, सध्या टीवायला आहे. ऑगस्ट २०२४ च्या दहीहंडीत दोन पथकांची हाणामारी झाली, समोरच्या एकाचं मनगट मोडलं. तिघांवर भारतीय न्याय संहितेचं कलम ११७(२) (गंभीर दुखापत) सह ३(५) (अनेकांनी समान इराद्याने केलेलं कृत्य) लागलं. जामीन त्याच दिवशी झाला, दोषारोपपत्र ठाणे कोर्टात दाखल आहे. पण तिघांतला एक जण तारखेला फिरकतच नाही, त्यामुळे चार्ज फ्रेम (आरोप निश्चित) होत नाही आणि फक्त पुढची तारीख मिळते. विद्यापीठाच्या संघातून याला वगळता येतं का? शिबिर आणि तारीख एकाच दिवशी आली तर काय करायचं? २०२७ ला दक्षिण कोरियात जागतिक विद्यापीठ स्पर्धा आहेत, तिथवर मजल गेली तर पासपोर्ट मिळेल का? आणि पुढे पोलिस भरतीला खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून अर्ज करताना काय लिहायचं?

बेलापूर_फौजदारी:
सर, आधी एक सांगा. घटनेच्या दिवशी मुलाचे अठरा पूर्ण होते का? नसतील तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जायला हवं, सगळा रस्ताच बदलतो.

जिमखाना_कळवा:
जन्मदाखला पाहिला. अठरा पूर्ण होऊन तीन महिने झाले होते.

बेलापूर_फौजदारी:
मग खटला ठाण्यातच चालणार. खरी अडचण गैरहजर आरोपीची आहे. ई-कोर्ट्सवर १६ अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र क्रमांक) टाकून रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद, वाचा. 'आरोपी क्र. २ गैरहजर, वॉरंट काढावे' हीच ओळ प्रत्येक तारखेला दिसत असेल, तर वॉरंट खरोखर निघालं का, ते पोलिस ठाण्यात पोचलं का आणि बजावणीचा अहवाल परत आला का, हे तपासा. पुष्कळदा आदेश होतो आणि वॉरंट टेबलावरच पडून राहतं. मग रोजनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटला कसा चालवायचा याचा कायदा) कलम ३५५(२) खाली त्या आरोपीचा खटला वेगळा करण्याचा अर्ज द्या. सोबत स्पर्धेच्या तारखांचं कॉलेजचं पत्र जोडा.

आपल्याच वकिलाने किती वेळा मुदत मागितली तेही मोजा. जलद खटला हा संविधानाच्या अनुच्छेद २१ चा (जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क) भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयात हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ ला ठरलं. पण विलंब कुणामुळे झाला हे कोर्ट बघतं, हे त्याच न्यायालयाच्या अंतुले निकालात (१९९२) स्पष्ट आहे. चार मुदती आपल्या नावावर असतील तर त्या मुद्द्याचं वजन जातं.

आणखी एक. ११७(२) मध्ये जखमी माणूस कोर्टाच्या परवानगीने तडजोड करू शकतो आणि तडजोड मंजूर झाली की परिणाम निर्दोष सुटकेचा. राष्ट्रीय लोकअदालतीतही हे होतं. बोलणं मात्र वकिलांमार्फतच करा. मुलाने किंवा त्याच्या मित्रांनी जखमीच्या घरी जाऊ नये. साक्षीदारावर दबाव आणल्याची तक्रार झाली तर नवीन केस उभी राहते.

शिबिराबद्दल: तारखेआधी हजेरी माफीचा अर्ज. त्यात स्पर्धेचं नाव, दिवस, क्रीडा विभागाचं पत्र आणि 'ओळखीबद्दल वाद नाही, वकील हजर राहतील' हे वाक्य हवं. कलम ३५५ च्या स्पष्टीकरणानुसार दृकश्राव्य माध्यमातून हजर राहणंही हजेरीत धरलं जातं, म्हणून शिबिरातून तसं हजर राहण्याची परवानगीही मागून ठेवा. अर्ज न देता गेला तर अजामीनपात्र वॉरंट निघू शकतं आणि जामिनाचं बंधपत्र जप्त होऊ शकतं. ११७(२) जामीनपात्र आहे, त्यामुळे राज्याबाहेर जाण्यावर बंधन बहुधा नसेल. तरी जामिनाचा आदेश एकदा स्वतः वाचा.

वागळे_इस्टेट:
पासपोर्टचं मी सांगतो. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(फ) प्रमाणे फौजदारी कोर्टात प्रकरण प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. नुसता एफआयआर असेल तर ही अडचण येत नाही. तुमच्याकडे दोषारोपपत्र दाखल आहे, म्हणून येणार. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे खटला चालू असलेल्या कोर्टाची परदेशी जाण्याची परवानगी आणली की पासपोर्ट मिळतो. इथे हमखास चूक होते: आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर एक वर्षाचाच पासपोर्ट निघतो. म्हणून अर्जाच्या मागणीतच मुदत स्पष्ट लिहा. फॉर्ममधल्या प्रलंबित खटल्याच्या प्रश्नाला 'होय' लिहा, आदेशाची सही-शिक्क्याची प्रत आणि हमीपत्र घेऊन ठाण्याच्या सेवा केंद्रात जा.

मैदान_ऐरोली:
निवडीबद्दल बोलायचं तर कोर्टाचा निकाल आणि खेळाची शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रिकेटपटू श्रीशांतला आयपीएल स्पॉट फिक्सिंगच्या केसमध्ये दिल्लीच्या कोर्टाने जुलै २०१५ ला आरोपांतून मुक्त केलं, तरी बीसीसीआयची आजन्म बंदी उठली नाही. मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं, तेव्हा ती सात वर्षांवर आली. तिशीत असताना गेलेली ती वर्षं त्याला कुणी परत देऊ शकलं नाही. म्हणून कॉलेजने वगळलं तर कारण आणि नियम लेखी मागा, मुलाचं म्हणणं लेखी द्या. खटला चालू आहे म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही, हे त्यात ठामपणे लिहा.

भरतीत लपवाछपवी अजिबात नको. अवतार सिंग निकालात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की माहिती दडवणं हेच उमेदवारी रद्द करायला पुरेसं कारण ठरू शकतं. खरी माहिती दिली तर प्रकरण किती गंभीर आहे ते नियुक्ती करणाऱ्याला तपासावं लागतं. रकाना 'कधी गुन्हा दाखल झाला होता का' असा असेल तर उद्या निर्दोष सुटल्यावरही 'होय' लिहायचं, पुढे गुन्हा क्रमांक, कलमं आणि निकाल.

जिमखाना_कळवा:
सगळ्यांचे मनापासून आभार. रोजनामा पाहिला. पाच तारखा आहेत, सहाही ओळी सारख्याच, वॉरंट निघाल्याची नोंद एकदाही नाही. वकिलांशी बोललो, सोमवारी ३५५(२) चा अर्ज देतोय.

बेलापूर_फौजदारी:
पाच तारखांना सहा ओळी म्हणजे एक नोंद दोनदा पडली असेल, नक्कल काढताना ते दाखवा. सोमवारी अर्जावर निशाणी क्रमांक (कोर्टाच्या नोंदीतला क्रमांक) पडला आणि सरकारी वकिलांचं म्हणणं मागवल्याचा शेरा आला, की मगच कोर्टातून निघा.