विषय: पीएसडब्ल्यू कोर्स, शंभर टक्के प्लेसमेंट, थोड्याच जागा

प्रेषक: श्री. (ब्रॅम्प्टन)

सप्रेम नमस्कार मंडळी,

माझ्या ओळखीच्या एका करिअर कॉलेजात (कामाचं शिक्षण देणारं खासगी कॉलेज) पीएसडब्ल्यूची, म्हणजे वृद्ध-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या 'पर्सनल सपोर्ट वर्कर'ची, नवी बॅच सुरू होतेय. शंभर टक्के प्लेसमेंट. बारावीचे कागद नसले तरी चालतं, एक छोटी परीक्षा असते, ती ते करून घेतात. जागा थोड्याच उरल्यात. शुक्रवारपर्यंत पाचशे डॉलर भरून सीट अडवता येईल. जायचं असेल तर आधी मला कळवा, माझ्याकडून नाव गेलं की काम लवकर होतं.

प्रेषक: मे. (मिल्टन)

दादा, मेलबद्दल आभार. माझ्या जाऊबाई मार्चमध्ये कॅनडात पीआरवर, म्हणजे कायम निवासी म्हणून, आल्या. साताऱ्याकडे अंगणवाडीत बारा वर्षं काम केलंय, माणसांत रमणारं माणूस आहे. पीएसडब्ल्यू त्यांना जमेल असं आम्हाला वाटतं. घरात सगळे म्हणताहेत, भरून टाका पाचशे, सीट गेली तर? पण पूर्ण फी मोठी आहे, कर्ज काढावं लागेल. कुणाला या कॉलेजांचा अनुभव आहे का?

प्रेषक: न. (मिसिसागा)

मे. ताई, पैसे भरले नसतील तर शुक्रवारची धास्ती घेऊ नका. मी सहा वर्षं एका करिअर कॉलेजात अ‍ॅडमिशनच्या टेबलावर होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही, पण तिथे जे पाहिलं ते लिहिते.

आधी प्लेसमेंट. हा शब्द आपल्या माणसांना हमखास चकवतो. पुण्या-नाशकात प्लेसमेंट म्हणजे कंपनी कॉलेजात येते, मुलाखत होते, हातात ऑफर लेटर पडतं. इथे प्लेसमेंट म्हणजे अभ्यासक्रमातलंच बिनपगारी प्रात्यक्षिक. लाँग-टर्म केअर होममध्ये, म्हणजे वृद्धांची देखभाल होते तिथे, जाऊन ठरलेले तास भरायचे. ते केल्याशिवाय कोर्स पुराच होत नाही, मग ते शंभर टक्के असणारच. जळगावकडच्या एक बाई माझ्यासमोर बसून नवऱ्याला फोनवर म्हणाल्या, "नोकरी पक्की आहे म्हणतात." मी समोर होते, मराठी होते, आणि मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. त्या महिन्यात माझे दोन 'स्टार्ट' कमी पडत होते. स्टार्ट म्हणजे पहिल्या दिवशी वर्गात येऊन बसलेला विद्यार्थी. भिंतीवरच्या फळ्यावर आमच्या नावापुढे तेवढा एकच आकडा असायचा. त्या बाईंनी कोर्स मध्येच सोडला, कर्ज मात्र राहिलं. त्या फोनची आठवण आजही मला स्वस्थ बसू देत नाही.

आपल्या ओंटारियो प्रांतात या कॉलेजांसाठी 2005 चा कायदा आहे. पूर्वी त्याच्या नावात 'प्रायव्हेट' होतं, आता ओंटारियो करिअर कॉलेजेस अ‍ॅक्ट म्हणतात. त्याखाली सुपरिंटेंडंट हे सरकारी अधिकारी कॉलेजची नोंदणी करतात आणि प्रत्येक अभ्यासक्रमाला वेगळी मंजुरी देतात. कॉलेज नोंदलेलं आहे म्हणून त्याचा प्रत्येक कोर्स मंजूर असतोच असं नाही, तेव्हा सरकारी साइटवर दोन्ही तपासा. सुपरिंटेंडंटकडे कळवलेल्या फीपेक्षा जास्त फी घेता येत नाही. आणि नोकरीची हमी कॉलेज देत नाही, हे वाक्य प्रवेशाच्या करारातच छापलेलं असतं. आम्ही तोंडाने जे सुचवायचो, त्याच्या उलट आमचाच कागद बोलत असे. पण तो कागद विद्यार्थ्याच्या हाती सही झाल्यावर जायचा.

म्हणून पैशांआधी कराराची प्रत मागा. प्रत हातात पडल्यापासून दोन दिवसांत लेखी कळवून करार रद्द केला तर सगळे पैसे परत मिळतात. दोन दिवस उलटले पण वर्ग सुरू झाले नाहीत, तर कॉलेज फीच्या वीस टक्के ठेवू शकतं, तेही जास्तीत जास्त पाचशे डॉलर. सीट अडवायचे पाचशे हा आकडा आला कुठून, ते यावरून लक्षात येईल. एकदा वर्ग सुरू झाले की हिशेब बदलतो आणि अर्धा कोर्स झाल्यावर परतावा नाही.

घाईचंही सांगते. महाराष्ट्रात आपण डोनेशन, कॅप राउंड, मूळ कागद कॉलेजकडे अडकलेले, हे सगळं पाहिलेलं असतं. सीट जाण्याची भीती अंगात मुरलेली असते. आमच्या कॉलेजात वर्षातून कितीतरी वेळा नवी बॅच सुरू व्हायची. तरी दर वेळी फोनवर "शेवटच्या तीन जागा" म्हणायला शिकवलं होतं, आणि आपल्या लोकांवर ते पटकन चालायचं.

प्रेषक: श्री. (ब्रॅम्प्टन)

न. ताई, वाचून वाईट वाटलं. मी कुणाला बुडवायला मेल टाकला नव्हता. माझ्या बायकोने असाच कोर्स केला. सरकारी कॉलेजची वेळ तिला जमण्यासारखी नव्हती, मुलं लहान, मी ट्रकवर. इथे संध्याकाळचे वर्ग होते, शिकवणाऱ्या बाई स्वतः नर्स होत्या. आज आमच्या घराचा हप्ता तिच्या पगारातून जातो. ही कॉलेजं नसती तर ती अजून गोदामात खोकी भरत असती.

नाव सुचवल्याबद्दल कॉलेज मला थोडे पैसे देतं, हे खरं आहे. ते मेलमध्ये लिहायला हवं होतं.

प्रेषक: न. (मिसिसागा)

श्री. दादा, हे इतक्या मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं. वहिनींचं मला पूर्ण पटतं. मी स्वतः वर्गात बसवलेल्या कितीतरी बायका आज उत्तम काम करताहेत. कॉलेजं बंद व्हावीत असं मी म्हणतच नाही. पण माणसाने कोर्स घ्यावा की नाही हे ठरवायला जो मदत करतो, त्याची मिळकत 'हो' या एकाच उत्तरावर असता कामा नये. अमेरिकेत 1992 पासून, सरकारी विद्यार्थी-साहाय्य घेणाऱ्या कॉलेजांना, विद्यार्थी आणणाऱ्याला डोकेमोजणीने पैसे द्यायला बंदी आहे. तरी 2012 साली सिनेटर टॉम हार्किन यांच्या समितीने खासगी कॉलेजांचे कागद बाहेर काढले, तेव्हा समोरच्याचं दुःख कसं शोधायचं आणि त्यावर बोट कसं ठेवायचं याचं रीतसर प्रशिक्षण त्यात निघालं. ते वाचताना मला आमच्या फोनच्या नोंदी आठवल्या. "नवरा नको म्हणतो, अकरानंतर फोन करा, तो कामावर असतो." हे मी स्वतः लिहिलेलं आहे.

तुमच्या मेलमधलं एक वाक्य मात्र मला सर्वांत जास्त लागलं: परीक्षा "ते करून घेतात". बारावी नसलेल्या प्रौढांना प्रवेश देण्यासाठी मान्यताप्राप्त चाचणी असते, आणि ती विद्यार्थ्याने स्वतः पास व्हायची असते. आमच्याकडे कुणी दोन गुणांनी राहिलं की शेजारी खुर्ची ओढून बसायची पद्धत होती. वरवर मदत वाटते. पण औषधाच्या पाकिटावरची सूचना जिला वाचता येत नाही, तिच्याकडे उद्या ऐंशी वर्षांच्या आजोबांची देखभाल जाणार. ती चाचणी आजोबांसाठी आहे, दादा, आणि त्या बाईसाठीही, कारण पहिल्याच महिन्यात वर्ग डोक्यावरून गेला तर फी तिचीच बुडते.

मे. ताई, जाऊबाईंना इंग्रजीची अडचण असेल तर पीआर असलेल्यांना लिंकचे, म्हणजे नव्याने आलेल्यांसाठीच्या सरकारी भाषाशिक्षणाचे, वर्ग फुकट असतात. तीन-चार महिने उशीर होईल, होऊ द्या.

प्रेषक: अ. (ओकविल)

थोडं विषयांतर. माझ्या भाच्याला कोल्हापुरात एजंटने इथलं एक खासगी करिअर कॉलेज सुचवलंय. "दोन वर्षं शिक, मग वर्क परमिट" म्हणतो. खरं का?

प्रेषक: न. (मिसिसागा)

नाही. ओंटारियोतल्या खासगी करिअर कॉलेजातून बाहेर पडल्यावर पदवीनंतरचं वर्क परमिट मिळत नाही. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम परवान्यावर शिकवणाऱ्या खासगी कॉलेजांची एक वाट होती, पण 15 मे 2024 पासून अशा कोर्सला लागणाऱ्यांसाठी तीही बंद झाली. शिवाय 2024 मध्ये केंद्राने स्टडी परमिटवर मर्यादा घातली, तेव्हा ओंटारियोने आपल्या वाट्यातले 96 टक्के अर्ज सरकारी अनुदानावरच्या कॉलेज-विद्यापीठांना दिले आणि करिअर कॉलेजांना एकही दिला नाही.

एजंटला विचारा, तुला कमिशन कोण देतं? उत्तर बहुधा कॉलेज हेच असेल. पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायला वकील किंवा परवानाधारक सल्लागार लागतो. परवाना क्रमांक मागून घ्या, सल्लागारांना परवाने देणाऱ्या संस्थेच्या (तिलाही 'कॉलेज'च म्हणतात) साइटवर तो शोधता येतो. भाच्याच्या घरी कुणी जमीन गहाण टाकायच्या आत हे करा.

प्रेषक: मे. (मिल्टन)

आज जाऊबाई आणि मी कॉलेजात जाऊन आलो. कराराची प्रत घरी न्यायला मागितली. आधी म्हणाले, सही करा मग देतो. जाऊबाई खुर्चीवरून उठल्याच नाहीत. अर्ध्या तासाने प्रत मिळाली. कोर्स मंजूर आहे, फी साइटवरच्या आकड्याइतकीच आहे, आणि नोकरीच्या हमीबद्दलचं ते वाक्य तिसऱ्या पानावर सापडलं. मी त्यांना मराठीत वाचून दाखवलं. म्हणाल्या, "हमी नको, शिकवतात कसं ते सांगा." मग एक वर्ग बघायची परवानगी घेतली. पाचशे भरले नाहीत. पुढची बॅच सहा आठवड्यांनी आहे. तोवर चाचणीची तयारी करायची म्हणतात, पण इंग्रजी वाचन कच्चं आहे आणि मला रात्रीची शिफ्ट असते.

प्रेषक: श्री. (ब्रॅम्प्टन)

मे. ताई, मंगळवारी आणि गुरुवारी सहानंतर बायको घरी असते. तिच्या वेळच्या वह्या तिने जपून ठेवल्यात. जाऊबाईंना पाठवा, बसस्टॉपवर घ्यायला मी येईन. कॉलेजला आज कळवलंय, आपल्या या मेल-यादीवरून कुणी आलं तर माझं नाव लावू नका.