ग्रिलवरची माळ आणि हाताला आलेल्या मुंग्या (अनुभव धागा)

गिरगावची लेक
गणपती तोंडावर आले आहेत आणि आमच्या इमारतीत खिडक्यांच्या ग्रिलवर दिव्यांच्या माळा चढू लागल्या आहेत. काल शेजारचा मुलगा सहज म्हणाला, "काकू, ग्रिलला हात लावला की मुंग्या येतात." मी आधी त्यांच्याकडे जाऊन माळेचा प्लग काढायला लावला आणि मग आमच्या जुन्या चाळीची आठवण आली. तिथे गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर ओले कपडे वाळत घालताना आजीच्या हाताला अशाच मुंग्या आल्या होत्या. गिरणीत वायरमन असलेल्या काकांनी कोणाला काही न विचारता मेन स्विच खाली ओढला आणि मगच बॅटरीच्या उजेडात माळ तपासली. बांधणाऱ्याने ती तारेने इतकी आवळली होती की वायरीचे आवरण कापले जाऊन आतले तांबे कठड्याला टेकले होते, आणि बाहेर पावसाची झड लागलेली होती. तेव्हापासून आमच्या घरी माळ सुतळीनेच बांधली जाते. आपापल्या घरातले असे अनुभव कृपया लिहावेत.

निवृत्त वायरमन
ताई, प्लग काढायला लावलात हे योग्यच केलेत. मुंग्या येतात म्हणजे करंट उतरलेला आहे. "थोडासाच आहे" असे म्हणून तो कोणी सोडून देऊ नये. घरात एमसीबी (जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडणारा खटका) आहे म्हणून निर्धास्त असणारी अनेक कुटुंबे मी पाहिली आहेत. एमसीबी वायरीला सांभाळते, माणसाला नाही. ६ अँपिअरची एमसीबी त्याहून जास्त प्रवाह वाहिल्याशिवाय पडत नाही, आणि माणसाचा जीव जायला त्याच्या शतांशाइतका प्रवाहसुद्धा पुरतो. माणसाला वाचवायला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते, कारण फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) परत येत नाही असे दिसताच ती पुरवठा तोडते. तिच्यावर 'टी' लिहिलेले बटण असते. सणाआधी ते दाबून पाहावे आणि खटका पडला नाही तर ती बदलून घ्यावी.

परळकर
आमची इमारत जुनी असून अर्थिंगचा पत्ताच नाही. मग आरसीसीबी बसवून काय उपयोग?

निवृत्त वायरमन
उपयोग निश्चित आहे, कारण तिला स्वतःला चालण्यासाठी अर्थिंग लागत नाही. फरक इतकाच की अर्थिंग असेल तर ग्रिलमध्ये करंट उतरताक्षणी ती पडते, आणि नसेल तर कोणीतरी हात लावल्यावर पडते. म्हणून दोन्ही करून घ्यावे.

सुगरण दादरची
माळा घ्यायला मी लोहार चाळीत गेले होते. दुकानदार "ताई, एलईडी आहे, वीजच खात नाही, शॉक कसा लागेल?" असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगत होता. वीज कमी लागते हे खरे, पण स्वस्त माळेला ट्रान्सफॉर्मर नसतो आणि ती थेट २३० व्होल्टवर चालते, हे त्याने सांगितले नाही. पिना इतक्या हलक्या होत्या की सॉकेटमध्ये डुगडुगत होत्या, आणि वायर बोटांत धरल्यावर दोऱ्यासारखी वाटत होती. मी ती परत ठेवली. शेवटी खाली उतरवलेल्या व्होल्टेजची, अडॅप्टरवाली माळ घेतली. ती महाग पडली, पण घरात रांगते बाळ आहे. (त्याच फेरीत मंगलदास मार्केटमध्ये मखराच्या पडद्याचे कापडही मिळाले, ते वेगळेच.)

इलेक्ट्रिकल डिप्लोमा
वरच्या प्रतिसादात एक भर घालतो. टू-पिन प्लग कसाही उलटा घालता येतो, त्यामुळे माळेच्या डबीवरचे बटण बंद केले तरी वायरीत फेज उभा राहू शकतो. बल्ब बदलायचा असो, माळ सरकवायची असो किंवा फुलांचा हार अडकवायचा असो, आधी प्लग काढावा. आणि बाल्कनीत लावायची असेल तर बाहेरच्या वापरासाठी बनवलेली, निदान आयपी ४४ दर्जाची (पाण्याचे शिंतोडे सोसणारी) माळ घ्यावी. नुसत्या इन्सुलेशन टेपने गुंडाळलेल्या जोडात पावसाचे पाणी शिरतेच.

मखरवाले काका
पूर्वी थर्माकोलच्या मखरामागे ५०० वॉटचा हॅलोजन लावायची पद्धत होती, आणि आरतीच्या गर्दीत जळका वास आला तरी तो कापराचाच असेल असे सगळे समजत. आमच्या मखराची एक कमान अशीच मऊ पडून खाली वाकली होती. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, पण पडदे, कागदी फुले आणि कापूस आजही तितकेच पेट घेतात. फोकस कापडापासून लांब ठेवावा आणि समईच्या बाजूने वायर मुळीच नेऊ नये. आग विजेची असेल तर पाणी ओतू नये. मेन बंद करून १०१ वर फोन करावा.

कंदीलवाला
आमचा आकाशकंदील आधी वायरीवरच लोंबकळत असे. बाबांनी त्याला वेगळी नायलॉनची दोरी बांधली आणि वायर सैल सोडली. आत ९ वॉटचा एलईडी दिवा आहे. पूर्वीच्या ६० वॉटच्या बल्बने कागद तपकिरी पडत असे. बाकी आमच्या मजल्यावर कोणाचा कंदील मोठा याची स्पर्धा अजूनही चालू आहे आणि तिच्यावर मात्र कोणतीही आरसीसीबी चालत नाही.

परळकर
हसून पुरेवाट झाली! एक शंका मात्र राहिली आहे. बहिणीकडे पावसाची सर आली की आरसीसीबी पडते, आणि तिचे यजमान ती काढून टाका म्हणतात.

निवृत्त वायरमन
कृपया काढू नका, ती तिचे काम करते आहे. सगळे प्लग काढून आरसीसीबी वर करावी आणि मग एकेक प्लग लावत जावा. जो लावल्यावर ती पडेल, ती माळ खराब. सगळे प्लग काढूनही पडत असेल तर दोष भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे, तेव्हा वायरमनला बोलवावे. खराब माळ टाकण्यापूर्वी तिचा प्लग कापून घ्यावा, नाहीतर कचऱ्यातून कोणीतरी उचलून तीच दुसऱ्या घरी लावेल.