मदत हवी आहे: कूलर पंपाच्या टायमरमध्ये चारपैकी दोनच डायोड तापतात

कूलर_टायमर

नमस्कार. डेझर्ट कूलरचा पंप सतत न चालवता थांबून थांबून चालवणारा टायमर करतो आहे. ५ मिनिटं चालू, १५ मिनिटं बंद. वाळ्याच्या ताट्या तेवढ्यात ओल्या राहतात आणि टाकी दुपारभर पुरते. पंप साधा, २३० व्होल्ट, १८ वॅट.

जोडणी अशी आहे. १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर (५०० मिलिअँपिअर), त्याच्या कडेच्या दोन वायर चार १एन४००७ डायोडांच्या ब्रिजला (एसीचा डीसी करणारी चौकडी), मधली वायर ग्राउंडला. ब्रिजचा निगेटिव्हही ग्राउंडला. पुढे १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कॅपॅसिटर आणि ७८१२ (स्थिर १२ व्होल्ट देणारा रेग्युलेटर). टायमरला सीडी ४०६० (मोजणी करणारी आयसी). त्याच्या क्यू१३ आणि क्यू१४ या दोन्ही पिना एकदम हाय (१२ व्होल्टला) झाल्या तरच रिले (पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच) लागावा, म्हणून प्रत्येक पिनेला एकेक १एन४१४८ डायोड (कॅथोड पिनेकडे), दोन्हींचे ॲनोड एकत्र, तिथे १२ व्होल्टवरून १० के (किलोओहम) रेझिस्टर. तिथूनच १ के मधून बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचा बेस. रिलेची कॉइल ४०० ओहम. एक १एन४००७ बीसी ५४७ च्या कलेक्टर-एमिटरवर लावला आहे, कॅथोड कलेक्टरला.

अडचणी तीन:

१) वीज दिल्यावर मिनिटभरात ब्रिजचे दोनच डायोड चटका बसेल असे तापून राहिले. बाकीचे दोन थंड. ट्रान्सफॉर्मर घुमतो. पुढचं सर्किट काढून ठेवलं तरी तेच. काढून मीटरवर पाहिले तर चारही डायोड चांगले.

२) टायमरचा भाग वेगळ्या १२ व्होल्ट ॲडॅप्टरवर चालवला, तर रिले लागतो पण सुटतच नाही.

३) तोच १एन४००७ मीटरच्या डायोड रेंजवर सकाळी ५७४ दाखवतो, दुपारी गच्चीवर ५३६. पुस्तकात ०.७ लिहिलंय. डायोड खराब होतोय का?

पट्टीकडे_बघा

भाऊ, जोडणी पूर्ण लिहिलीत म्हणून पहिल्याचं उत्तर इथे बसूनच देता येतं. दोष डायोडांत नाही, मधल्या वायरीत आहे.

तापणारे दोन डायोड कोणते ते पाहा: ज्यांचे ॲनोड ग्राउंडला आहेत तेच असतील. आता एका अर्ध्या फेरीत काय होतं ते बोटाने वायरीवर फिरवत बघा. मधला टॅप ग्राउंडला बांधलाय. त्या क्षणी वरचं टोक ग्राउंडपेक्षा १७ व्होल्ट वर जातं आणि खालचं टोक १७ व्होल्ट खाली जायला बघतं. खालच्या टोकाशी असलेल्या डायोडचा ॲनोड ग्राउंडवर आणि कॅथोड त्या टोकावर, म्हणजे तो सुलट (प्रवाह जाऊ देणारा) झाला. प्रवाह ग्राउंडमधून डायोडमध्ये, तिथून टोकात आणि अर्ध्या वाइंडिंगमधून परत मधल्या टॅपवर. वाटेत लोड काहीच नाही. पुढच्या अर्ध्या फेरीत हाच प्रकार दुसऱ्या डायोडमधून. दर अर्ध्या फेरीला अर्धं वाइंडिंग शॉर्ट होतंय आणि त्याला अडवायला तांब्याच्या तारेचा स्वतःचा रेझिस्टन्स तेवढा आहे. म्हणून ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि म्हणूनच लोड काढून फरक पडत नाही.

उपाय: ते दोन डायोड कापून टाका. वरचे दोन ठेवा, त्यांच्या पट्ट्या (कॅथोड) एकत्र कॅपॅसिटरच्या पॉझिटिव्हला, मधली वायर ग्राउंडला. झालं फुल वेव्ह.

आणि एक चूक मुद्दाम सांगतो, कारण पुढचं पाऊल बहुतेक लोक तेच टाकतात. चारही डायोड ठेवून मधली वायर मोकळी सोडू नका. मग ब्रिजला २४ व्होल्ट एसी मिळेल, शिखर ३४ व्होल्ट, दोन डायोडांचे दीड व्होल्ट गेले तरी साडेबत्तीस. २५ व्होल्टचा कॅपॅसिटर फुगून फुटेल. शिवाय छोटा ट्रान्सफॉर्मर कमी लोडवर छापल्यापेक्षा जास्तच देतो, म्हणजे ७८१२ ची ३५ व्होल्टची इनपुट मर्यादाही ओलांडली जाईल.

दोन डायोडांच्या जोडणीत प्रत्येक डायोडवर उलट बाजूने दोन्ही अर्ध्या वाइंडिंगांचं मिळून सुमारे ३४ व्होल्ट येतं. १एन४००७ हजार व्होल्ट झेलतो, इथे १एन४००१ (५० व्होल्ट) सुद्धा कसाबसा चालला असता. दोघांच्या भावात फरक नसतो, म्हणून बर्डीच्या बाजारात गेलात तरी ४००७ च घ्या.

पुन्हा वीज देताना ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्ट बाजूला सिरीजमध्ये १५ वॅटचा फिलामेंटवाला बल्ब लावा. एलईडी बल्ब नको. बल्ब स्पष्ट पेटला तर शॉर्ट अजून आहे. क्षणभर चमकून विझला तर तो फक्त कॅपॅसिटर भरल्याचा प्रवाह होता.

पीएन_जोड

तिसऱ्या प्रश्नाचं मी लिहिते, कारण डायोड समजून घ्यायला तोच सगळ्यात उपयोगाचा आहे.

डायोड अजिबात खराब झालेला नाही. तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि ०.७ हा फक्त लक्षात ठेवायला सोपा आकडा आहे. मीटर डायोड रेंजवर साधारण १ मिलिअँपिअर सोडतो आणि त्या प्रवाहाला किती मिलिव्होल्ट पडले ते दाखवतो. सिलिकॉनच्या डायोडवर प्रवाह दहापट वाढवला की सुमारे ६० ते १२० मिलिव्होल्ट वाढतात, एवढंच. म्हणून १एन४००७ मधून मायक्रोअँपिअर जाताना ०.४ च्या आसपास सापडेल, १ मिलिअँपिअरला ०.५५ ते ०.६ आणि पूर्ण १ अँपिअरला ०.९ च्या पुढे. ०.७ ला उघडणारं दार असं डोक्यात धरलं की सगळे हिशेब चुकतात. दार नाही, चढ आहे, आणि तो वर जाता जाता फार उभा होतो.

रेक्टिफायरमध्ये हे आणखी जाणवतं. कॅपॅसिटर भरलेला असतो, त्यामुळे डायोड फक्त शिखराजवळ क्षणभर चालतो आणि तेवढ्यात सगळा प्रवाह ढकलतो. सरासरी ५० मिलिअँपिअर असली तरी शिखर त्याच्या कितीतरी पट, म्हणून तिथे ०.८ धरलेलं बरं.

आता तापमान. प्रवाह तोच ठेवला तर दर अंशाला अंदाजे २ मिलिव्होल्ट कमी होतात. ५७४ मधून ५३६ गेले, ३८ उरले, म्हणजे १९ अंशांचा फरक. नागपूरच्या मे महिन्यात सकाळच्या खोलीतून दुपारच्या गच्चीवर जाताना एवढा फरक पडणारच. तुमच्या मीटरने तापमानच मोजलं.

करून बघा: दुपारी गच्चीवर प्रोब लावलेले असताना डायोडचं काळं अंग चिमटीत धरा. आकडा हळूहळू वर चढेल. थंडीत हाच प्रयोग केला तर आकडा उतरतो, कारण तेव्हा बोटं हवेपेक्षा गरम असतात. मे महिन्यात ४५ अंशांच्या हवेत आपली बोटंच थंड! फक्त बोट प्रोबच्या धातूला टेकू देऊ नका.

उलट दिशेने मात्र उष्णता वाईट. उलटी गळती दर १० अंशांना साधारण दुप्पट होते. १एन४००७ मध्ये ती मुळातच इतकी कमी आहे की तुमच्या सर्किटला काही होणार नाही. पण कोणी कमी ड्रॉप (डायोडवर पडणारे व्होल्ट) मिळतो म्हणून १एन५८१९ सारखा शॉट्की डायोड लावायला सांगितला तर विचार करून लावा. त्याची कमाल गळती २५ अंशांना १ मिलिअँपिअर आणि १०० अंशांना १० पर्यंत धरलेली आहे, आणि तो फक्त ४० व्होल्टचा आहे. तुमच्या रेक्टिफायरमध्ये ३४ व्होल्ट उलटे येतात, कमी लोडवर त्याहून जास्त. तिथे तो नकोच.

तांब्याची_तार

रिले न सुटण्याचं कारण आता ताईंच्या उत्तरातच आलंय. तुम्ही डायोडांचा जो ॲंड गेट (दोन्ही पिना हाय तरच हाय) केलाय त्यात लो म्हणजे शून्य नसतं.

हिशेब करा. क्यू१३ लो आहे. १० के मधून सुमारे १.१ मिलिअँपिअर त्या १एन४१४८ मधून पिनेत जातो. डायोडवर ०.६ पडले. ४०६० ची (सीएमॉस) पिनही एवढा प्रवाह गिळताना साधारण ०.२ वर येते. ॲनोडांच्या जोडावर झाले ०.८ व्होल्ट. बीसी ५४७ चा बेस ०.६५ लाच चालू लागतो. उरलेले ०.१५ व्होल्ट १ के मधून १५० मायक्रोअँपिअर बेसला देतात आणि गेन (बेसचा प्रवाह कितीपट होतो तो आकडा) २०० धरला तर कलेक्टरला ३० मिलिअँपिअर. ४०० ओहमच्या कॉइलला बरोबर तेवढेच लागतात! पिन लो असूनही रिले पूर्ण ताकदीने धरून बसतो. आणि गेन जरी कमी निघाला तरी सुटेल असं नाही. लागलेला रिले खूप कमी व्होल्टेजवरही धरून राहतो, १२ व्होल्टवाल्यांच्या डेटाशीटमध्ये सुटण्याचा आकडा बहुधा १.२ व्होल्ट असतो.

डायोडने बिघडवलेलं डायोडनेच सुधारा. १ के आणि बेस यांच्या मध्ये दोन १एन४१४८ सिरीजमध्ये टाका, पट्टी बेसकडे. शिवाय बेस ते एमिटर १० के. आता बेसला प्रवाह जायला जोडावर पावणेदोन व्होल्टच्या पुढे लागतील आणि तुमचे ०.८ तिथपर्यंत पोचत नाहीत. दुपारी तापलं तरी बिघडणार नाही, कारण सगळे डायोड आणि बेसचा जोड एकाच अंदाजाने खाली सरकतात. पेटी बंद असली की सगळे एकाच तापमानाला राहतात, हे इथे फायद्याचं.

दोन्ही पिना हाय झाल्यावर १० के आणि १ के मधून बेसला पाऊण-एक मिलिअँपिअर मिळतो. ३० मिलिअँपिअरच्या कॉइलला तो भरपूर झाला.

पट्टीकडे_बघा

रिले सुटायला लागायच्या आधी एक गोष्ट बदलून घ्या, नाहीतर बीसी ५४७ जाईल. कलेक्टर-एमिटरवरचा तुमचा १एन४००७ तिथे असून नसल्यासारखा आहे.

ट्रान्झिस्टर बंद झाला की कॉइल आपला ३० मिलिअँपिअरचा प्रवाह लगेच सोडत नाही. तो पुढे ढकलण्यासाठी कलेक्टरचं टोक वर, शेकडो व्होल्टपर्यंत उसळतं. तुमच्या डायोडचा कॅथोड कलेक्टरला आहे, म्हणजे त्या उसळीला तो उलटा पडतो आणि हजार व्होल्टपर्यंत गप्प बसतो. बीसी ५४७ ची सोय ४५ व्होल्टची. मार सगळा त्यालाच. दर २० मिनिटांनी एकदा म्हणजे दिवसाला ७२ वेळा. एक-दोन दिवस निभावेल, मग कलेक्टर-एमिटर शॉर्ट होईल आणि पंप बंदच होणार नाही.

डायोड थेट कॉइलच्या दोन पिनांवर लावा. पट्टी १२ व्होल्टकडे, ॲनोड कलेक्टरकडे. आता उसळी येताच तो सुलट होतो, कॉइलचा प्रवाह कॉइलमध्येच फिरून विरतो आणि कलेक्टर १२.७ च्या वर जात नाही. डायोडमधून जास्तीत जास्त ३० मिलिअँपिअर, तेही काही मिलिसेकंद. १एन४१४८ नेही भागेल. उलटा मात्र लावू नका. मग ट्रान्झिस्टर चालू होताच १२ व्होल्ट डायोडमधून सरळ ट्रान्झिस्टरमध्ये जातील आणि तो त्याच क्षणी जाईल. सोल्डर करण्याआधी पट्टी दोनदा बघा, विशेषतः रिलेच्या खाली झाकला जाणार असेल तर.

कूलर_टायमर

सगळ्यांचे आभार. खालचे दोन डायोड कापले. सिरीज बल्ब एकदा चमकून विझला. कॅपॅसिटरवर १८.२ व्होल्ट, अर्ध्या तासाने दोन्ही डायोडांना हात लावला तर कोमट सुद्धा नाहीत. बेसला दोन ४१४८ आणि १० के टाकल्यावर रिले सुटतो. जोडावर मोजले: लो असताना ०.७८. कॉइलवरचा डायोड हलवला.

चिमटीचा प्रयोगही केला, आकडा ५३६ वरून ५५१ वर गेला!

आता शेवटचं. पंप बंद होताना रिलेच्या कॉन्टॅक्टवर निळी ठिणगी दिसते. पंपही कॉइलच आहे ना, मग तिथेही तसाच डायोड लावू का?

तांब्याची_तार

नाही, तिथे अजिबात नाही. पंपावर एसी आहे. डायोड पंपाला समांतर लावला तर दर दुसऱ्या अर्ध्या फेरीत तो २३० व्होल्ट शॉर्ट करेल. डायोड फुटेल, एमसीबी पडेल आणि रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतील.

एसीला आरसी स्नबर (ठिणगी शोषणारी रेझिस्टर-कॅपॅसिटरची जोडी). १०० ओहम अर्धा वॅट आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये, हे दोन्ही मिळून पंपाच्या दोन वायरींवर. कॅपॅसिटर एक्स२ (थेट मेन्सवर लावायच्या) प्रकारचा, २७५ व्होल्ट एसी छापलेलाच घ्या. ४०० व्होल्ट डीसीचा साधा पॉलिएस्टर तिथे टिकत नाही आणि गेला तर शॉर्ट होऊन जाऊ शकतो. स्नबर कॉन्टॅक्टवर लावू नका. तसं केलं तर रिले सुटलेला असतानाही पंपाच्या वायरींत ७ मिलिअँपिअर वाहत राहतील, आणि तुमचा हात टाकीच्या पाण्यात असेल.

टाकीत हात घालण्याआधी प्लगच काढा. रिले फक्त फेजची वायर तोडतो. प्लग उलटा बसला असेल तर रिले सुटल्यावरही पंपात फेज उभी असते. आणि कूलरच्या पत्र्याला अर्थिंगची वायर स्वतंत्र स्क्रूने आवळा, त्याखालचा रंग पॉलिश पेपरने घासून.