झोप कमी पडतेय हे ठीक, पण ती ‘गंभीर’ कधी समजायची?

पाळीप्रमुख

फिरत्या पाळ्यांत काम करणाऱ्या सहकाऱ्यांसाठी सूचनाफलकावर लावायला एक पान तयार करतोय. ‘रोज ७ तास झोपा’ एवढं लिहून काही होत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. मला नेमकं हे हवंय: काय दिसलं की माणसानं त्या दिवशी यंत्राला किंवा गाडीला हात लावू नये, काय दिसलं की डॉक्टरांची वेळ घ्यावी आणि कधी वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा. शिवाय ‘मला पाच तास पुरतात, सवय झालीये’ म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? आणि मनगटावरच्या घड्याळाच्या आकड्यांवर कितपत विसंबायचं?

निद्राअभ्यास

सवयीपासून सुरू करतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी प्रौढांना सलग १४ दिवस रात्री ४, ६ किंवा ८ तासच अंथरुणात राहू दिलं होतं. ४ आणि ६ तासवाल्यांची लक्ष टिकवण्याची चाचणी दिवसागणिक खालावत गेली. दोन आठवडे संपेपर्यंत तिचे निकाल एक-दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसासारखे येऊ लागले. ‘तुम्हाला किती झोप येतेय?’ या प्रश्नाची उत्तरं मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलली नाहीत. म्हणजे काम बिघडत राहतं आणि बिघाड जाणवणं थांबतं. ‘सवय झाली’ असं माणूस म्हणतो तेव्हा बहुतेकदा एवढंच झालेलं असतं. म्हणून ‘कसं वाटतंय?’ हा प्रश्न पानावर टाकूच नका, मोजता येण्यासारखं काहीतरी विचारा.

पहिली कसोटी सुट्टीची. गजर न लावता माणूस कामाच्या दिवसांपेक्षा दोन किंवा जास्त तास अधिक झोपत असेल, तर आठवडाभर उधारी साचतेय. खरोखर कमी झोपेवर भागणारी माणसं असतात, पण फार थोडी. ती सुट्टीच्या दिवशीही तेवढीच झोपून आपणहून उठतात, दिवसभर चहा-कॉफीचा टेकू लागत नाही आणि हे लहानपणापासून तसंच असतं. तिशीत नोकरी लागल्यावर कुणी असा होत नाही.

दुसरी कसोटी म्हणजे एपवर्थ प्रश्नावली. १९९१ साली मरे जॉन्स यांनी ती मांडली आणि आजही डॉक्टर सर्रास वापरतात. आठ प्रसंग आहेत: बसून वाचताना, टीव्ही पाहताना, सभेसारख्या ठिकाणी नुसतं बसलेलं असताना, तासभर गाडीत शेजारी बसून प्रवास करताना, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बसून बोलताना, जेवणानंतर (मद्य न घेता) शांत बसल्यावर आणि गाडी रहदारीत काही मिनिटं अडकलेली असताना. प्रत्येक प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता ० ते ३ अशी मांडायची, एकूण गुण २४. १० पर्यंत ठीक, ११ पासून पुढे दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे असं धरतात. माझं मत विचाराल तर बेरजेआधी ‘बोलताना’ आणि ‘रहदारीत अडकल्यावर’ हे दोन रकाने बघा. दुपारी आडवं झाल्यावर कुणालाही पेंग येईल. समोरच्याशी बोलता बोलता पापणी मिटत असेल, तर एकूण गुण ९ असले तरी मी ते हलक्यात घेणार नाही.

रस्तासुरक्षा

‘आज हात लावू नये’ या भागाबद्दल लिहितो.

सलग १७ तास जागं राहिल्यावर हात-डोळ्यांचा मेळ साधारण ०.०५ टक्के रक्त-मद्य पातळी असल्यासारखा होतो आणि २४ तासांनी जवळपास ०.१० टक्के. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला गाडी काढतो तेव्हाच १७ तास भरलेले असतात. तेव्हा पानावर ‘किती तास झोपलात’ याच्या जोडीला ‘शेवटचं उठून किती तास झाले’ हेही विचारा. पहिल्या पाळीवरून थेट रात्रपाळीवर जाणारा पहिल्याच रात्री पकडीत येतो तो यानेच, कारण दिवसा त्याला झोप लागलेली नसते.

मग येते सूक्ष्म डुलकी. काही सेकंदांची असते, डोळे उघडे असतानाही लागू शकते आणि ज्याला लागली त्याला कळतही नाही. ताशी ८० किमी वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ९० मीटर अंतर गाडी कुणीही न चालवता कापते. ती लागू लागल्याच्या खुणा अशा: मागचे काही किलोमीटर आठवत नाहीत, ठरलेलं वळण निघून जातं, गाडी पट्टा सोडून एका बाजूला सरकते, वेग विनाकारण कमी-जास्त होतो, मान झटक्यानं सावरावी लागते. यंत्रावर असाल तर तोच आकडा दोनदा वाचावा लागतो, किंवा पायरी केली की राहिली हेच आठवत नाही. जांभया आणि जड पापण्या त्याच्या आधी येतात, तिथेच थांबावं. मान सावरावी लागली म्हणजे डुलकी लागून गेलेली आहे.

खिडकी उघडणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं यांनी थोडा वेळ बरं वाटतं, डुलकी थांबत नाही. उपयोग होतो तो एवढ्याचा: गाडी सुरक्षित जागी उभी करा, एक कप कडक कॉफी प्या आणि लगेच १५-२० मिनिटं झोपा. कॉफीचा असर व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. गजर लावाच. पाऊण तास झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि मग बराच वेळ डोकं बधिर राहतं. उठल्यावरही १०-१५ मिनिटं जाऊ द्यायची, मग किल्ली फिरवायची. हा उपाय जवळचं अंतर गाठण्यापुरता आहे, रात्रभराच्या प्रवासाला पुरत नाही. पहाटे दोन ते सहा ही वेळ सगळ्यात वाईट, तिच्या खालोखाल दुपारी दोन ते चार. त्यामुळे रात्रपाळी सुटल्यावर स्वतः गाडी चालवत घरी जाणं हा पूर्ण पाळीतला सगळ्यात धोक्याचा भाग आहे, हे पानावर ठळक लिहा.

पाळीप्रमुख

दोघांचेही आभार, हे थेट वापरता येईल. एक नमुना देतो. एक सहकारी आठ तास अंथरुणात असतो, घड्याळही सात तास झोप दाखवतं, तरी दिवसभर पेंगतो. दुसरा उलटा आहे, रात्रभर तळमळतो आणि दिवसा वेळ असूनही झोपू शकत नाही. दोघांनाही ‘झोप पुरत नाही’ असंच वाटतं. दोघांना एकच सल्ला द्यायचा का?

दवाखाना_टिपणं

मुळीच नाही, आणि हाच फरक पानाच्या मधोमध यायला हवा. विचारायचा प्रश्न एकच: संधी मिळाली की झोप लागते का?

संधी मिळताच लागते आणि सलग काही रात्री भरपूर झोपल्यावर ताजंतवानं वाटतं, तर तो झोपेला वेळ न देण्याचा प्रकार. औषध नको, वेळापत्रक हवं. अशा माणसाला उशीवर डोकं टेकताच पाच मिनिटांच्या आत झोप लागते आणि तो ते अभिमानानं सांगतो. खरं तर ते उपाशी माणसानं ताटावर तुटून पडण्यासारखं आहे. पुरेशी झोप मिळणाऱ्याला साधारण १० ते २० मिनिटं लागतात.

संधी असूनही लागत नाही, मधेच मोडते किंवा पहाटे फार लवकर जाग येते, तर ती निद्रानाशाची बाजू. आठवड्यात किमान ३ रात्री, ३ महिने आणि दिवसाच्या कामावर परिणाम, अशी दीर्घकालीन निद्रानाशाची व्याख्या आहे. पण तीन महिने भरायची वाट पाहत बसू नका, महिनाभर असं चाललं तरी दाखवा. पहिला उपाय गोळी हा नाही. निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत हा आहे. त्यात अंथरुण फक्त झोपेपुरतं ठेवतात, साधारण २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या जागी बसायचं, उठण्याची वेळ रोज तीच आणि अंथरुणातले तास सुरुवातीला मुद्दाम कमी करतात. हा शेवटचा भाग वाहनचालक, उंचावर काम करणारे, अपस्माराचे आणि बायपोलर विकाराचे रुग्ण यांनी आपल्या मनानं करायचा नाही. पहिले एक-दोन आठवडे दिवसाची झोप वाढते आणि नेमका तेवढाच काळ घातक ठरू शकतो.

तास पुरेसे असूनही पेंगणारा तुमचा पहिला सहकारी तिसऱ्या प्रकारात येतो. तिथे सर्वात आधी झोपेतल्या श्वासरोधाचा, म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडण्याचा, संशय घ्यावा. स्टॉप-बँग प्रश्नावलीत आठ मुद्दे आहेत: बंद दाराबाहेर ऐकू येईल असं घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबताना कुणी पाहिलेलं असणं, रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, गळ्याचा घेर ४० सेंमीच्या वर आणि पुरुष असणं. तीन ‘हो’ आले तर तपासणीचा विषय काढावा, पाच आले तर लांबणीवर टाकू नये. घरच्यांना विचारा, कारण घोरणारा स्वतः काही सांगू शकत नाही. ‘घोरता घोरता आवाज बंद पडतो आणि मग दचकून घरघर करत श्वास घेतो’ हे वर्णन नुसत्या घोरण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. सकाळी डोकं दुखणं, तोंडाला कोरड, रात्री वारंवार लघवीला उठणं आणि तीन औषधं घेऊनही न उतरणारा रक्तदाब या सोबतच्या खुणा. तपासणीत श्वासाचे ताशी ५ ते १५ अडथळे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र मानतात. प्रत्येक अडथळा किमान १० सेकंदांचा. तासाला ३० म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांनी झोप विस्कटते, मग आठ तास पडून राहून काय उपयोग? एक गोष्ट आवर्जून लिहा: श्वासरोधाचा संशय असताना झोपेची गोळी किंवा मद्य घेऊ नये. घशाचे स्नायू आणखी सैल पडतात.

पाय आवरत नाहीत, हलवले की बरं वाटतं आणि त्रास संध्याकाळनंतर वाढतो, असं कुणी म्हणालं तर रक्तातलं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) तपासायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोह कमी असू शकतं.

आता थेट दवाखान्यात जाण्याची कारणं. रात्र-रात्र झोप नाही तरी थकवा नाही, उलट अंगात प्रचंड ऊर्जा, बोलणं सुसाट, पैशांचे अचाट बेत: ही उन्मादाची सुरुवात असू शकते. नसलेलं दिसणं-ऐकू येणं, वेळ-जागेचा गोंधळ, विनाकारण संशय. बाळंतपणानंतर बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप न लागणं आणि सोबत विचित्र विचार किंवा भ्रम. जीव देण्याचे विचार. आडवं झालं की धाप लागून उठून बसावं लागणं. रोजचं मद्य किंवा झोपेच्या गोळ्या अचानक बंद केल्यावर थरथर, घाम आणि जागरण, कारण त्यातून झटके येऊ शकतात. अपस्माराच्या रुग्णानं तर जागरण झालं, झोप उडाली की लगेच डॉक्टरांना कळवावं, झटक्याची वाट बघू नये. यातल्या कुणालाही एकट्याला पाठवू नका आणि स्वतः गाडी चालवू देऊ नका.

निद्राअभ्यास

घड्याळाचं राहिलं होतं. एकूण वेळेचा अंदाज ते बऱ्यापैकी देतं, पण स्वस्थ पडून जागं राहिलेलं बरेचदा झोपेत धरतं. गाढ झोपेचे आणि स्वप्नांच्या झोपेचे आकडे तर सोडूनच द्या. सात तास दिसले म्हणून पेंगणाऱ्याला परत पाठवू नका.

त्याऐवजी दोन आठवड्यांची झोपवही द्या. रोज उठल्यावर दोन मिनिटांत भरायची: अंथरुणात कधी गेलो, दिवा कधी मालवला, झोप लागायला अंदाजे किती वेळ, किती वेळा जाग, शेवटची जाग, उठलो कधी. संध्याकाळी दोन रकाने आणखी: दिवसाच्या डुलक्या आणि शेवटचा चहा-कॉफीचा कप किती वाजता. कॅफीनचा निम्मा भाग सरासरी पाच-सहा तासांनंतरही शरीरात उरतो, त्यामुळे हा रकाना पुष्कळदा एकटाच कोडं सोडवतो. रात्री घड्याळ बघून मिनिटं लिहू नयेत, अंदाज पुरतो; घड्याळाकडे बघत बसल्यानं झोप आणखी दूर जाते. पाळी कोणती होती ते वरच्या ओळीत लिहायला सांगा आणि मागच्या पानावर चालू असलेली सगळी औषधं वेळेसकट. संध्याकाळी घेतलेलं स्टेरॉइड किंवा लघवीची गोळी सकाळी हलवल्यानं काहींची रात्र सुधारते, फक्त ती वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलायची.