छोटी कॅनॉपी कधी घ्यावी? स्वूप शिकायला सुरुवात कुठून करू?

धागाकर्ता:
मंडळी, माझ्या स्कायडायव्हिंगच्या २३० उड्या झाल्यात. १९० चौ. फुटांची कॅनॉपी (पॅराशूटचं कापड) आहे, गिअरसकट वजन २०९ पौंड, म्हणजे विंग लोडिंग (दर चौ. फुटामागे किती पौंड) १.१. उभ्याने, अलगद उतरतो. आता फ्रंट रायझरने (कॅनॉपीला जोडलेल्या पुढच्या पट्ट्या ओढून) वळून वेगात उतरायला, म्हणजे स्वूप, शिकायचंय. एक १५० ची स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

प्रतिसाद १:
नको. १५० वर तुमचं लोडिंग १.३९ होतं. कॅनॉपी प्रशिक्षक ब्रायन जर्मेन यांचा ढोबळ हिशेब असा, की मूळ १.० आणि दर १०० उड्यांमागे फार तर ०.१. त्या हिशेबाने तुम्हाला १.२३ पर्यंत मुभा, म्हणजे १७० सुद्धा अगदी काठावर. शिवाय आकार लहान झाला की दोऱ्या आखूड होतात, त्यामुळे लोडिंग तेवढंच असलं तरी छोटी कॅनॉपी जास्त चपळ वळते.

आधी १९० कडून सगळं वसूल करा. ५० फुटांवर असताना ९० अंशांत सपाट, म्हणजे फार उंची न गमावता, वळता येतं का? फ्लेअर (उतरताना शेवटी दोन्ही ब्रेक ओढून वेग मारणं) चालू असताना दिशा बदलता येते का? आडव्या वाऱ्यात, वारा पडलेला असताना, नेमलेल्या १० मीटरच्या वर्तुळात दर वेळी उतरता का? एकाही प्रश्नाला 'बहुतेक' असं उत्तर येत असेल, तर १७० चाही विषय काढू नका.

सपाट वळणावर मुद्दाम भर देतोय. ४०० च्या पुढे उड्या झालेल्या असताना, आपल्याला सगळं येतं या गुर्मीत, मी घोटा मोडून घेतलाय. कुणीतरी समोर आडवं आलं आणि मी घाबरून एक टॉगल (ब्रेकच्या दोरीची मूठ) खसकन ओढला. कॅनॉपीने बुडी मारली, मी झोक्यासारखा बाजूला फेकला गेलो आणि तसाच तिरका जमिनीवर आदळलो. दोन्ही ब्रेक अर्धे ओढून मग एक बाजू जराशी सोडली असती, तर हसत चालत आलो असतो. तेव्हा मी स्वूप वगैरे काही करत नव्हतो, साधं उतरत होतो.

रायझरचा सराव उंचावर करायचा. ५,००० फुटांवरून उडी, लगेच कॅनॉपी उघडायची, आजूबाजूला कुणी नाही हे बघायचं. टॉगल हातातच ठेवून दोन्ही फ्रंट रायझर ओढा, सोडा, कॅनॉपी आपसूक सपाट होईपर्यंत किती उंची गेली ते आल्टीमीटरवर पाहा. मग ९० अंशांचं वळण, पुन्हा मोजणी. दहा वेळा मोजून सरासरी काढू नका, सर्वांत मोठा आकडा धरा आणि वर ऐसपैस उंची शिल्लक ठेवा. रायझर ओढल्यावर कॅनॉपी घोड्यासारखी उसळली तर ब्रेकच्या दोऱ्या आखूड आहेत, रिगरला (पॅराशूट तपासणाऱ्या तंत्रज्ञाला) दाखवा.

जमिनीजवळ सुरुवात सरळ रेषेतच: शेवटच्या टप्प्यात दोन्ही फ्रंट ओढायचे आणि वेळेवर सोडायचे. ९० त्यानंतर. २७० चं नाव सध्या काढू नका.

प्रतिसाद २:
वरच्याला +१. भर घालतो: वळण चुकतंय असं वाटलं तर ते पुरं करायचा हट्ट नको. रायझर सोडून टॉगलने पंख सपाट करा आणि साधं उतरा. आणि गर्दीत हे प्रयोग अजिबात नकोत. वेगळी जागा नाहीतर विमानाची वेगळी खेप मागून घ्या.

पुढे कधीतरी छोट्या कॅनॉपीवर मोठी वळणं घ्याल, तेव्हा एएडी (रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, आपोआप उघडणारं यंत्र) बघा. साधी एएडी खाली येण्याचा वेग सेकंदाला ३५ मीटरच्या आसपास गेला की माणूस फ्रीफॉलमध्येच (पॅराशूट न उघडता पडत) आहे असं समजते आणि कमी उंचीवर रिझर्व्ह उघडू शकते. त्यासाठी वेगळा मोड असतो.

धागाकर्ता:
१५० वाल्याला नाही म्हणून कळवलं. उंचावर मोजलेला आकडा रोज तोच धरायचा का?

प्रतिसाद १:
नाही हो. उन्हाळ्यात आणि उंचावरच्या मैदानावर हवा विरळ, तेच वळण जास्त उंची खातं. हवामान बदललं की पुन्हा मोजायचं. आणि कॅनॉपी शिकवणारा प्रशिक्षक गाठा, प्रत्येक लँडिंगचा बाजूने व्हिडिओ घ्यायला लावा. 'मी वेळेवर सोडलं' असं आपल्याला वाटतं. व्हिडिओत सोडण्याआधीच टॉगल ओढायची घाई झालेली दिसते.